दिव्याखालचा गुलाबी रंग

आमच्या नाटक कंपनीचा रंगभूषाकार म्हणजे मामा. पस्तीस वर्षं माझं तोंड त्याच्या हाताखाली होतं. रंगमंचावरची माझी राणी त्यानंच घडवली आणि म्हातारीही. नुसता चेहरा पाहून "काल झोपली नाहीस" असं सांगणारा हा माणूस सख्ख्या नातीच्या बाबतीत मात्र चुकला.

त्याची लेक चार महिन्यांची पोर घेऊन रंगपटात आली. "बाबा, रडली की हिचे ओठ निळे पडतात."

मामानं पोरीला आरशासमोर धरलं. "गुलाबाचं फूल आहे नुसतं! आयुष्यभर तोंडं रंगवलीत मी, मला शिकवतेस?"

आरशाभोवती पिवळे दिवे होते. त्या उजेडात साठीतली मीसुद्धा सोळा वर्षांची दिसायचे!

लेकीनं ऐकलं नाही. सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तपासण्या केल्या आणि कागदावर हृदय काढून दाखवलं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. फुफ्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. शरीराला रक्त पुरवणारी मोठी नळी त्या भोकाच्या डोक्यावर सरकलेली. आणि जोर लावून लावून जाड झालेली उजवी भिंत. चार दोष, जन्मापासून एकत्र.

"अशुद्ध रक्त फुफ्फुसांत न जाताच अंगभर फिरतं," बाई म्हणाल्या. "शस्त्रक्रिया लागेल. अचानक निळी पडली, तर गुडघे छातीशी दाबून धरा आणि लगेच या."

मामा हटून बसला. "एवढ्याशा जिवाची छाती फाडायची? गुटगुटीत तर आहे. बुजेल भोक आपोआप." बापाच्या शब्दापुढे लेकीची संमतीच्या कागदावरची सही अडली.

पंधरा दिवसांनी, दुपारच्या प्रयोगाआधी, माझं अर्धं तोंड रंगवून झालं होतं. कोपऱ्यात रडणारी पोर एकाएकी गप्प झाली आणि धापा टाकू लागली.

"बाबा, बघा हो!"

मामानं तिला दिव्यांपाशी नेलं. "ठीक आहे गं..."

लेकीनं पुढे होऊन दिव्यांचं बटणच बंद केलं. खिडकीतून येईल तेवढाच उजेड उरला. ओठ जांभळे. नखं शाईत बुडवल्यासारखी.

मामानं पोर लेकीच्या हाती दिली. लेकीनं पोरीचे दोन्ही गुडघे दुमडून तिच्या छातीशी घट्ट धरले. एक श्वास आला. दुसरा येईना. मग आला, मग आणखी एक. जांभळा रंग हळूहळू विरला. आम्ही होतो तसेच दवाखान्यात धावलो.

"आता थांबायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या सकाळीच घेऊ. सही कोण करतंय?"

लेकीनं बापाकडे पाहिलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" मामा म्हणाला. "आई तू आहेस. मला रंग कळतो गं, रक्त नाही कळत. कर सही."

शस्त्रक्रिया पाच तास चालली. भोक बुजवलं, वाट रुंद केली, पोर सुखरूप आहे, असं सांगायला सर्जन बाहेर आले. सगळ्यांच्या पुढे घुसून बोलायची मामाची जन्माची खोड. त्या दिवशी मात्र तो लेकीच्या मागे उभा राहिला आणि सगळं काही तिलाच विचारू दिलं.