स्लाइड थांबत नाही

रविवारी सकाळी माझ्या मुलाचा फोन येतो, तोंड दिसणारा. तिकडं अमेरिकेत तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते, म्हणजे माझा चहा आणि त्यांचं जेवण एकाच वेळी. सून तेलुगू, मुलगा आपला वर्ध्याचा. दोघांना सोयीची पडली ती इंग्रजी, आणि नात त्यातच वाढली. तिला मराठीतला एकच शब्द नीट येतो, ‘आजी’. त्यापुढं ती बोलते ते मला कळत नाही अन् मी बोलते ते तिला. मग मध्ये मुलगा बसतो. मी म्हणावं, “अवं बाई, तुह्या फ्रॉकाचा रंग पाहून मले आपल्या अंगणातली जास्वंद आठवली. औंदा तिले एवढी फुलं लागली का फांदी वाकून गेली.” आणि मुलानं तिकडं वळून चार शब्द टाकावे. ती मान हलवते. संपलं.

“एवढंच सांगितलं काऊन रे?”

“तेच सांगितलं ना आई. शॉर्टमधी.”

मला शॉर्टमध्ये नव्हतं बोलायचं. हात-पाय चालताहेत तोवर एकदा नातीशी बोलायचं होतं, मध्ये कोणी न बसता. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

मी शाळेत गेले ती सातवीपर्यंत. पुढचं जे काय आलं ते आपलं आपण वाचून. ग्रंथालयातली पुस्तकं, पेपर, नवऱ्याच्या ऑफिसातून येणारी मासिकं. नवरा होता तोवर कोणी मला अडाणी म्हणायची सोय नव्हती, तो गेल्यावर कोणी काही म्हणायलाच उरलं नाही. पण इंग्रजी राहूनच गेली होती.

आम्ही राहतो वर्ध्याला लागून, बोरगाव मेघेत. ‘आम्ही’ म्हणायची सवय आहे, राहते मी एकटीच. आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे. तिथल्या इंग्रजीच्या मॅडमनी शनिवारी दुपारी बायकांसाठी वर्ग काढला, शाळेच्या डिजिटल खोलीत. मी शेजारणीला म्हटलं, चल. ही शेजारीण म्हणजे भिंतीला भिंत लागून. तिचा कुकर वाजला की माझ्या भाताला किती वेळ झाला ते मला कळायचं. वयानं माझ्याहून थोडी लहान, तोंडानं मोठी.

“मले काय करायची इंग्रजी? मी कोनासंगं बोलतो?” ती म्हणाली. मग पदर खोचून निघालीच. “चल. घरी बसून तरी काय करून राह्यलो आपन.”

पोरांच्या बाकड्यांवर आम्ही गुडघे मुडपून बसलो. मॅडमनी खिडक्या लावल्या, दिवा घालवला, आणि भिंतीवर चित्र उमटलं. त्याला त्या पीपीटी म्हणायच्या. एक-एक चित्र म्हणजे एक-एक स्लाइड. पहिल्या स्लाइडवर नाश्ता होता. पाव, अंडं, संत्र्याचा रस. मॅडम म्हणत, आम्ही सगळ्या मागून म्हणत. बरोबर म्हटलं की कोपऱ्यातून एक हिरवी खूण उडत यायची आणि टाळ्या वाजायच्या. पहिल्या वेळी आम्ही सगळ्यांनी मागं वळून पाहिलं, कोण टाळ्या वाजवतंय म्हणून. मागं पोरांचे नकाशे टांगलेले होते फक्त.

“मॅडम, याच्यात पोहे नाई काय?” शेजारणीनं विचारलं.

पुढच्या शनिवारी मॅडमनी पोहे आणले. वरून लाल तर्री, बाजूला चणे. आम्ही इतक्या जोरात ‘पोहा’ म्हटलं की शिपाई डोकावून गेला. मॅडमचं मला हेच आवडायचं. सांगितलेलं त्यांच्या ध्यानात राहायचं. आमच्यासाठी त्यांनी सेवाग्रामच्या रस्त्याची, दवाखान्याच्या रांगेची, बसस्टँडची चित्रं काढून आणली. आम्ही भिंतीवर आपलंच गाव पाहत इंग्रजी बोलायला लागलो. सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज मिसळला की मला वाटायचं, येते मला.

एकटीला उठवलं की मात्र काही यायचं नाही.

मग उन्हाळ्याच्या आधी शेजारणीच्या मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला. तो तिला न्यायला आला. जायच्या आधी आम्ही दोघी केळझरला गणपतीला जाऊन आलो. दर चतुर्थीला जायचो, पण फोटो कधी काढला नव्हता. या वेळी तिनं एका पोरीला सांगून आमचा काढून घेतला. बसमध्ये ती म्हणाली, “तुले करमन ना माह्याबिगर?” मी म्हटलं, “जा ना व. मले इंग्रजीचा अभ्यास हाये.” दोघी हसलो. गाडी आली, सामान गेलं, गेटला कुलूप लागलं.

आता माझ्या भाताला किती वेळ झाला ते घड्याळात पाहावं लागतं.

त्याच सुमारास मॅडमचा वर्गही बंद झाला, त्यांच्यामागं परीक्षांची कामं लागली. पण त्या घरी आल्या. मुलगा मागं ठेवून गेला होता त्या लॅपटॉपमध्ये त्यांनी आपल्या पीपीटी टाकून दिल्या. “आजी, मी यात माझा आवाज भरलाय. मी प्रश्न विचारीन, मग थोडी जागा सोडलीय, त्यात तुम्ही उत्तर द्यायचं. सगळं आपोआप पुढं जातं. काही दाबायचं नाही.”

ते खरंच छान होतं. मी दुपारी जेवण आटोपलं की लॅपटॉप उघडायची. आतून मॅडमचा आवाज यायचा, “गुड आफ्टरनून! हाउ आर यू?” मी म्हणायची, “आय ॲम फाइन.” आवाज म्हणायचा, “व्हेरी गुड!” टाळ्या. “व्हॉट डिड यू ईट टुडे?” आता यावर काय फाइन म्हणून भागत नाही. मी आठवून आठवून सांगायला लागायची, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, तेल जास्तच झालं, तोवर “व्हेरी गुड!” टाळ्या, आणि पुढची स्लाइड. माझी भाजी अर्ध्यातच.

शेजारणीला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “माह्या सासूवानी हाये हे. इचारते बी, आन् उत्तरही देऊ देत नाई.”

पण सासू टाळ्या तर वाजवत नव्हती. एक दिवस मला ताप होता, जेवले नव्हते. तरी लॅपटॉप उघडला. व्हॉट डिड यू ईट टुडे? मी म्हटलं, “नथिंग.” तो आवाज म्हणाला, “व्हेरी गुड!” मला हसूही आलं आणि खरं सांगू का, बरंही वाटलं. सबंध दिवसात कोणी ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं तर होतं.

असं करत करत माझी जीभ सुटली. एका रविवारी मी मुलाला म्हटलं, “तू बाजूले हो. तिले दे समोर.”

तो हसला. “पक्कं काय आई?”

“हो ना. तू भाजी चीर सुनंसंगं.”

नात समोर आली. मी विचारलं, “हाउ आर यू? व्हॉट डिड यू ईट टुडे?” तिचे डोळे मोठे झाले. तिनं सांगितलं काहीतरी, पास्ता ऐकू आला. मी म्हटलं, “व्हेरी गुड!” ती खूश. बोलायला लागली, भराभरा. आता आपल्याकडं पद्धत काय आहे, कोणी सांगायला लागलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हं बाई, हो का, मग. नाही दिला तर सांगणाऱ्याला वाटतं की लक्ष नाही. मला त्या भराभरातलं फार तर निम्मं कळत होतं, पण हुंकार तर द्यायलाच पाहिजे. इंग्रजीतला हुंकार मला एकच माहीत होता. ती थांबली की मी म्हणायची, “व्हेरी गुड!” ‘स्कूल’ कळलं, व्हेरी गुड. ‘फ्रेंड’ कळलं, व्हेरी गुड. मग ती हळू बोलली काहीतरी, खाली मान घालून, आणि थांबली. मी जोरात म्हटलं, “व्हेरी गुड!” वरून टाळ्याही वाजवल्या. स्लाइडवर वाजतात तशा.

तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि उठून गेली. रिकामी खुर्ची फिरत राहिली नुसती.

मुलगा आला. “काय झालं? काय म्हने थे?”

“मले काय मालूम? फ्रेंड म्हने.”

तो जाऊन आला. “आई, तिची मैत्रीण गाव सोडून गेली. या हप्त्यातच. बाजूच्याच घरात राहत होती. थेच सांगून राह्यली होती तुले.”

मी हातातला चहा खाली ठेवला.

“जाऊ दे ना आई. पोरगी हाये, विसरून जाईन.”

विसरून जाईल म्हणे. मी खिडकीतून ते कुलूप पाहत होते.

त्या दिवशी लॅपटॉप उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर मी मॅडमला फोन लावला. “मॅडम, मला माझी पीपीटी करायची आहे. आवाज भरून. आणि ती आपोआप पुढं नाही गेली पाहिजे.”

मॅडम फोनवरच सांगत गेल्या, मी करत गेले. आवाज भरायचं जमलं. थांबवायचं जमेना. माझी स्लाइड आपली पळायचीच. “आजी, वर ट्रान्झिशन लिहिलंय ते उघडा. त्यात ‘आफ्टर’समोर खूण आहे, ती काढा. ‘ऑन माउस क्लिक’ची राहू द्या. आता जो पाहील त्यानं दाबल्याशिवाय ती हलणार नाही.” आणि मग विचारलं, “शेवटी टाळ्या टाकायच्या ना?”

“नको. टाळ्या नको.”

पहिल्या स्लाइडवर केळझरचा फोटो टाकला. धिस इज माय फ्रेंड. शी वेंट टू पुणे. दुसरीवर गेटचा, कुलपासकट. हर हाउस. आय सी इट एव्हरी डे. तिसरीवर फोटो नव्हता. पांढरी ठेवली. तीत नुसता माझा आवाज, टेल मी अबाउट युअर फ्रेंड. आणि सॉरी म्हटलं. तो शब्द मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मुलाला पाठवली आणि वाट पाहत बसले. दोन शब्दांचाही निरोप नाही. मी शेजारणीला फोन लावला तर ती पुण्याच्या लिफ्टबद्दल सांगत बसली, मी हुंकार देत गेले.

रविवारी फोन वाजला. समोर नातच होती, मुलगा मागं उभा. मी “हाउ आर यू” विचारलं नाही. गप्प राहिले. तीही गप्प. स्लाइड कशी थांबते, तशा दोघी. मग ती बोलायला लागली, आज हळू. मैत्रिणीचं घर, झोका, काहीतरी पिवळं, सायकल असेल नाहीतर दार. मी म्हटलं, “हं.” ती थांबली की “हं.”

मुलगा मागून म्हणाला, “सांगू काय आई, काय म्हनून राह्यली थे?”

“नको. तू राहू दे.”

मग नातीनं मला काही विचारलं. त्यातलं ‘हाउस’ आणि ‘सी’ कळलं. तिला पाहायचं होतं. मी चपला घातल्या. फोन हातात धरून बाहेर आले, ऊन चढायला लागलं होतं. शेजारणीच्या गेटासमोर उभी राहिले आणि फोन उलटा करून कुलपापुढं धरला. कुलपावर धूळ बसली होती. माझी जास्वंद भिंतीवरून तिच्या अंगणात वाकली होती, आत फुलं पडली होती, झाडायला कोणी नाही.

“नोबडी?” तिनं विचारलं.

“नोबडी,” मी म्हटलं.

मी तसाच धरून ठेवला फोन. हात दुखायला लागला तरी. मला आता तिचं तोंड दिसत नव्हतं, तिला माझं दिसत नव्हतं, दोघी कुलूप पाहत होतो. बऱ्याच वेळानं तिकडून बारीक आवाज आला.

“हं.”