सरांच्या अक्षरातली यादी

सोमवारी सकाळी साडेसात वाजता अंबादास सर गेले. त्याच दिवशी साडेअकरा वाजता शाळेत तो तक्ता आला.

सरांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी परिपाठाला उभी होते. दुपारी अर्धी शाळा सोडून मी त्यांच्या घरी जाऊन आले आणि परतल्यावर मोबाइल उघडला. मुख्याध्यापकांच्या गटावर एक तक्ता पडला होता. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे भरायचे रकाने होते : पालकांचं मूळ गाव, धर्म, घरी बोलली जाणारी भाषा, शहरात राहायला आल्याचं वर्ष, घर स्वतःचं की भाड्याचं. वर कार्यालयाचं नाव नव्हतं, जावक क्रमांक नव्हता. खाली फक्त ‘बुधवारी दुपारी दोनपर्यंत’ एवढंच. मी ज्यांच्याकडून तो आला त्यांना फोन केला. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, वरून मागितलंय. एवढं काय त्यात? यादीच तर आहे.”

ते शब्द मी आधी ऐकलेले होते. कुठे ऐकले ते सांगायचं तर सरांबद्दलच लिहावं लागेल.

मी या शाळेत लागले तेव्हा सर मुख्याध्यापक होते; आज त्या खुर्चीत मी आहे. घर विणकरांचं. वडील मागावर, आई बिड्या वळायची, घरात तेलुगू. पण सरांचं मराठी इतकं स्वच्छ की आम्ही शिक्षकसुद्धा त्यांच्यासमोर जपून बोलायचो. अक्षर छापल्यासारखं होतं. आणि एक सवय होती जिच्यामुळे आमचा जीव मेटाकुटीला यायचा. एखाद्या मुलाविषयी शाळेबाहेर काहीही लिहून पाठवायचं असेल, अगदी शिष्यवृत्तीचा अर्जसुद्धा, तर सर त्याच्या आईवडिलांना बोलावून घ्यायचे आणि लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचे. नाव, वय, पत्ता, भावंडं... सगळं. मग विचारायचे, “बरोबर आहे? पाठवू?” ते हो म्हणाले तरच कागद पुढे जायचा. लोक कामावर खाडा करून यायचे आणि वैतागायचे. एकदा एक यंत्रमाग कामगार सरांच्या टेबलासमोर उकिडवा बसून म्हणाला, “वाचा की सर. पोथी लावल्यासारखं वाचा. नारळ आणू का?” सर हसले, आणि त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

दुसऱ्या वर्षी माझा धीर सुटला. चाळीस अर्ज अडकले होते. मी म्हटलं, “सर, रजिस्टरवरून उतरवून पाठवते ना. यादीच तर आहे.”

सरांनी पेन खाली ठेवलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. आवाज न चढवता, माझ्याकडे न बघता त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आपण गेल्यावर खुशाल लिहा, असं ते अलीकडेच मला म्हणाले होते.

आणीबाणीत सर चोवीस वर्षांचे होते. नवी नोकरी. नसबंदीच्या मोहिमेत प्रत्येक शिक्षकाने ‘केस’, म्हणजे ऑपरेशनला तयार माणसं, आणायच्या, नाहीतर पगार थांबणार, असं तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं. सर कोणाच्या दारात जाऊन ऑपरेशन करून घ्या असं म्हणू शकणार नव्हते. तेव्हा मुख्याध्यापकांनीच तोड काढली : दाखल रजिस्टरवरून तीन किंवा जास्त मुलं असलेल्या बापांची यादी करून द्या, पुढचं ते लोक बघतील. तुमचं अक्षर चांगलं आहे. “यादीच तर आहे.” सरांना हायसं वाटलं. एका दुपारी बसून त्यांनी दोन प्रती काढल्या.

त्या यादीत सिद्राम नावाच्या गिरणी कामगाराचं नाव होतं. मुलं चार. खरं तर सिद्रामला एकच मुलगी होती. उरलेली तीन पोरं त्याच्या भावाची. भाऊ अक्कलकोटकडच्या खेड्यात शेती करायचा आणि पोरं शिकायला काकाकडे राहायची. आमच्या भागात हे नेहमीचंच. शाळेला सही करायला बाप जवळ हवा, म्हणून काकाच बाप व्हायचा. दाखल करताना सिद्रामच म्हणाला होता, “लिवा की मास्तर माझ्याच नावानं. मी काय कुटं कोर्टात जाणार हाय?” आणि सरांनीच, पोरांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून, तसं लिहून घेतलं होतं. यादी करताना ते त्यांच्या लक्षात आलं नाही. “लक्षात आलं नाही असं मी इतरांना सांगतो,” सर मला म्हणाले. “एक क्षण हात थांबला होता, बाई. पण कागद स्वच्छ आला होता. खाडाखोड नको वाटली.”

जीप गिरणीच्या फाटकावर आली. सिद्राम पाळी संपवून बाहेर पडत होता. मला एकच पोरगी हाय, असं तो नसबंदीच्या शिबिरात सांगत राहिला. तिथल्या माणसाने यादी त्याच्यापुढे धरली आणि विचारलं, “तू खरा का शाळा खरी?”

चार दिवसांनी सर त्याच्या घरी गेले. सिद्राम भिंतीला टेकून बसला होता. कोपऱ्यात शिबिरात ऑपरेशनबद्दल बक्षीस मिळालेली नवी बादली होती. तिला घरातल्या कोणीही हात लावला नव्हता. बायको आतून बाहेर आली नाही. मग सिद्राम म्हणाला, “मास्तर, तुमी लिवलं त्याचं न्हाय काय. पण लिवल्यावर एकदा मला वाचून तर दावायचं. मी सांगितलं असतं की... ती पोरं माझी न्हाईत म्हणून.”

सिद्रामला पुढे मूल झालं नाही.

सर इतिहास शिकवायचे, पण वर्गात आणीबाणीचा धडा आला की पानावरचं वाचून झाल्यावर पुस्तक मिटून ठेवायचे. पुस्तकात तुरुंगात गेलेले पुढारी असतात, वर्तमानपत्रांत कोरी सोडलेली जागा असते. ते सगळं खरंच आहे. पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. “दिल्लीत आणीबाणी पुकारली गेली, बाई. सोलापुरात ती माझ्या अक्षरात आली.” त्यांचे आजोबा इंग्रजांच्या मार्शल लॉच्या आठवणी सांगायचे, झेंडा बाळगणंसुद्धा गुन्हा होता तेव्हाच्या. “आजोबांच्या वेळचा साहेब परका होता, लांबून ओळखू यायचा,” सर म्हणायचे. “माझ्या वेळचा साहेब मीच होतो. शर्टाला शाईचा डाग, हातात डबा.” निवडणुका झाल्या, सरकार बदललं, चौकशीच्या बातम्या आल्या. सर वाट पाहत राहिले की कोणीतरी येऊन विचारेल, ही यादी कोणी केली? कोणी आलं नाही. ती न विचारलेली चौकशी पुढची सगळी वर्षं त्यांनी स्वतःच चालवली, असं मला वाटतं.

आता माझं सांगते. त्या सोमवारी संध्याकाळी, सरांच्या घरून आलेली मी, शाळेत बसून तो तक्ता भरायला लागले. हे लिहिताना लाज वाटते, पण भरत गेले. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. निवृत्तिवेतनाचे कागद त्याच कार्यालयांतून जायचे आहेत. मुलांची घरं मला पाठ आहेत. रजिस्टर न उघडता मी धर्म लिहिला, भाषा लिहिली, गाव लिहिलं. एकेचाळिसाव्या ओळीवर तिसरीतली एक मुलगी आली. ती मामाकडे राहते. रजिस्टरमध्ये बाप म्हणून मामाचं नाव आहे. मीच लिहिलेलं. तिचं मूळ गाव कोणतं लिहायचं, मामाचं की बापाचं? शहरात आल्याचं वर्ष कोणाचं? बोट थांबलं. एवढ्याने कोणाचं काय बिघडतंय, असं मनात आलं, आणि ते मनात आल्याचीच भीती वाटली.

मंगळवारी मी पालकांना बोलावलं. सत्तर-ऐंशी जण आले. मी उभी राहून सगळे रकाने वाचून दाखवले. माझा आवाज सरांसारखा नाही, मागच्यांना ऐकू येईना, पुन्हा वाचले.

“हे कोण इचारतंय, बाई?” त्या मुलीचा मामा म्हणाला.

“मला माहीत नाही.”

“कशाला पायजे?”

“तेही माहीत नाही.”

“मग तुमाला म्हाईत काय हाय?” मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. मीही हसले असते, पण पुढे बसलेल्या एक आजी हसल्या नाहीत. “बाई, द्या लिवून,” त्या म्हणाल्या. “न्हाय लिवलं तर आपलंच नाव पुढं येतंय. मी बगितलंय.” त्यांच्या बाजूनेही बरेच जण बोलले. तासभर वाद झाला. त्यांना भीती होती तीच मलाही होती, म्हणून मी कोणाला समजावू शकले नाही. शेवटी एवढंच म्हटलं की ज्यांना लिहायचं आहे त्यांनी स्वतः सांगावं, मी तसं लिहीन; ज्यांनी सांगितलं नाही त्यांच्याबद्दल मी मनाने काही लिहिणार नाही. नऊ जणांनी सांगितलं. आजी त्यात होत्या. मामा नव्हता.

बुधवारी दुपारी दोनच्या आत मी तक्ता पाठवला. सोमवारी संध्याकाळी भरलेल्या चाळीस ओळी पुसून, नऊ ओळी भरून. सोबत पत्र जोडलं : ही माहिती कोणत्या आदेशान्वये आणि कशासाठी हवी, ते लेखी कळवावं. पत्र लिहून झाल्यावर सवयीने फोनकडे हात गेला. सरांना वाचून दाखवायचं होतं.

शुक्रवारी मला नोटीस आली. कामात अडथळा आणल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. या कागदावर मात्र क्रमांक होता, सही होती. खुलासा मी दिला. त्याला आता पाच आठवडे झाले. आसपासच्या बऱ्याच शाळांनी पूर्ण तक्ते पाठवले आहेत, असं कळतं. त्या शाळांतले मुख्याध्यापक चांगली माणसं आहेत. मी त्यांना ओळखते.

लेखी आदेश अजून आलेला नाही. माझ्यावर काय कारवाई होणार तेही कळलेलं नाही. शाळा रोज भरते. नऊ नावं सोडून बाकीच्यांचे रकाने रिकामे आहेत.