लाल म्हणजे बंद

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी इतक्या शहाणपणाने बोलणार आहे की तुम्हाला माझी दया यायला लागेल. मी हॅनोव्हरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रॉडक्शन इंजिनिअर आहे. तिथली अख्खी लाइन माझ्या भरवशावर चालते. आणि अशा माझ्यासारख्या माणसाला हातातला कॅमेरा चालू आहे की बंद, हे कळलं नाही. तेही एखाद्या दुपारी नव्हे, सासूसासऱ्यांचा अख्खा मुक्काम संपेपर्यंत!

त्याचं असं झालं. माझे सासूसासरे फलटणहून आमच्याकडे आले होते. बाबा निवृत्त हेडमास्तर, दोन्ही गुडघे दुखरे. विमानतळावरच मानसीने, म्हणजे माझ्या बायकोने, मला बाजूला घेतलं.

"बाबांना पुन्हा एवढा प्रवास झेपेल असं मला वाटत नाही रे. इरासाठी त्यांचं काहीतरी राहायला हवं. हसतानाचं, बोलतानाचं. नीट शूट कर."

इरा आमची मुलगी, सात वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते जर्मनमध्ये. आजीने विचारावं, "भूक लागली का गं?" आणि हिने म्हणावं, "जा, बिटे," म्हणजे हो, प्लीज. आजी बिचारी प्रत्येक वेळी "कुठे जाऊ?" म्हणून माझ्याकडे बघायची.

तर मुद्दा असा की मानसी "नीट" म्हणाली. हा शब्द माझ्यासमोर उच्चारायचा नसतो. मोबाइलवर कुणीही शूट करतं हो! मी शनिवारी थेट फ्लोमार्क्टला, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात गेलो आणि एक हँडीकॅम घेऊन आलो. हाताला पट्टा, गळ्याला पट्टा, सगळा थाट. विकणारे आजोबा मला बराच वेळ बटणं समजावून सांगत होते आणि मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत मान डोलावत होतो. त्यांनी माहितीपुस्तकही दिलं. ते मी पिशवीतच राहू दिलं. इंजिनिअरने पुस्तक उघडून कॅमेरा चालवायचा म्हणजे शोभतं का?

शिवाय त्यात अवघड काय होतं? एक बटण. दाबलं की पडद्यावर कोपऱ्यात लाल खूण, पुन्हा दाबलं की हिरवी. आता तुम्हीच सांगा. आमच्या कारखान्यात प्रत्येक मशीनच्या डोक्यावर दिवा असतो. हिरवा असला की मशीन चालू. लाल झाला की मशीन बंद, पळा. इतकी वर्षं त्या दिव्यांकडे बघून माझं बीपी खाली-वर होतंय. म्हणून हिरवं म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बंद, असं मी ठरवून टाकलं.

इराने एकदा सांगून पाहिलं. माझ्या कोपराशी उभी राहून ती जर्मनमध्ये म्हणाली की पापा, लाल म्हणजे रेकॉर्डिंग. पण आजी-आजोबा असेपर्यंत मराठीतच बोलायचं, असा मी घरात नियम काढला होता. मी म्हटलं, "मराठीत सांग, मग ऐकतो." तिने खांदे उडवले, "एगाल", म्हणजे मला काय त्याचं, म्हणाली आणि खेळायला निघून गेली. नियम म्हणजे नियम!

मग माझं चित्रीकरण सुरू झालं. आता आपल्या वडीलधाऱ्या मंडळींची एक गंमत तुम्हाला ठाऊकच असेल. व्हिडिओ असला तरी ती फोटोसारखीच उभी राहतात. तळ्याकाठी मी कॅमेरा उचलला की बाबा शर्टाचं वरचं बटण लावणार, हात मांडीला चिकटवणार आणि शाळेच्या ग्रुप फोटोत असल्यासारखे ताठ होणार. आई पदर सारखा करून श्वासच रोखून धरायच्या.

"बाबा, व्हिडिओ आहे. जरा हला, काहीतरी बोला."

"आम्ही येथे आलो आहोत," बाबा म्हणायचे आणि पुन्हा पुतळा.

मी कंटाळून बटण दाबायचो आणि कॅमेरा पोटावर सोडून द्यायचो. की झालं, दोघं मोकळी! बाबा इराबरोबर बागेत झाडाखाली पडलेले चेस्टनट गोळा करायचे, गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसायचे आणि तिला त्यांच्या गोट्या खेळायला शिकवायचे. ती जर्मनमध्ये भांडायची, ते मराठीत भांडायचे, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. मला वाटायचं, अरेरे, नेमका आत्ताच कॅमेरा बंद आहे. चालू करावा तर पुन्हा "आम्ही येथे आलो आहोत." म्हणून मी हळहळत तसाच उभा राहायचो.

मध्येच पाहून खात्री का केली नाही म्हणता? अहो, दिग्दर्शक कच्चा माल दाखवतो का कुणाला! मी फक्त कार्ड भरतंय की नाही एवढं बघायचो. ते तर मस्त भरत होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी टीव्हीला वायर जोडली, पडदे ओढले आणि सगळ्यांना सोफ्यावर बसवलं. भाषणही केलं छोटंसं. मग चित्र सुरू झालं.

पडद्यावर माझे बूट. मग फुटपाथ. मग माझाच आवाज, "हं, झालं बघा, बंद केला." मला घाम फुटला. मानसीकडे बघायची हिंमत होईना. तिने एकच काम सांगितलं होतं आणि उद्या तर आईबाबा निघणार होते.

तेवढ्यात पडद्यावर बाबा आले. जमिनीवर फतकल मारून बसलेले, समोर इरा. कॅमेरा माझ्या पोटावर लोंबत होता ना, त्यामुळे खाली बसलेली दोघं बरोबर मधोमध. बाबा चेस्टनट नेम धरून मारतात, तो चुकतो, इरा टाळ्या पिटते आणि बाबा एवढ्या मोठ्याने हसतात की मी त्यांना तसं हसताना आधी कधी पाहिलंच नव्हतं. पुढे आई इराची वेणी घालताना गुणगुणतायत. पुन्हा बाबा. मानसी डोळे पुसत होती. तिला हवं होतं ते सगळं तिथे होतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, डोळे माझेही भरून आले. क्षणभर तर असंही वाटलं की हे सगळं मी मुद्दामच केलं.

आणि इथे मी टीव्ही बंद करायला हवा होता.

कारण पुढचं दृश्य आमच्या मागच्या अंगणातलं. कुंपणापलीकडे शेजारचे ब्रान्ट आजोबा, अलीकडे माझा हात आणि हातात डबा. आईंनी जावयासाठी फलटणहून डिंकाचे लाडू आणले होते. रोज सकाळी विचारायच्या, "लाडू खाल्लात ना?" आणि मी म्हणायचो, "म्हणजे काय आई, अप्रतिम!" पडद्यावर मी ब्रान्ट आजोबांशी जर्मनमध्ये बोलत होतो. मी मनात म्हटलं, वाचलो. आईंना जर्मनमधलं फक्त "जा" कळतं, तेही मराठीतलं.

"हे काय बोलतायत जावईबापू?" आईंनी विचारलं.

मी तोंड उघडणार तोच इरा उठून उभी राहिली. मुक्कामभर जिच्या तोंडून मराठीचं एक वाक्य निघेना, ती स्वच्छ, खणखणीत मराठीत म्हणाली, "आजी, पापा म्हणतात, हे लाडू खूप कडक आहेत, माझे दात पडतील. तुम्ही कॉफीत बुडवून खा. पण सासूबाईंना सांगू नका."

एक चूक नाही हो. "सासूबाई"सुद्धा बरोबर!

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांचे खांदे हलत होते. आई मात्र उठल्या आणि स्वयंपाकघरातून डबा घेऊन आल्या. तळाशी एक लाडू उरला होता. तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"इरा, धर गं तो कॅमेरा," त्या म्हणाल्या. "खा आता, जावईबापू. व्हिडिओ आहे, जरा हला."

इराने कॅमेरा डोळ्याला लावला. "पापा, लाल लागलाय हं," ती मराठीतच म्हणाली.

ती फिल्म आता फलटणला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. त्यात बाबा हसतात, आई गातात, इरा भांडते. कॅमेऱ्यासमोर पुतळा झालेला माणूस त्यात एकच आहे. शेवटी येतो तो. त्याच्या तोंडात लाडू आहे आणि तो फुटत नाहीये.