नमनाची नळी

भर दुपार. इंदुताईंच्या गाठीतल्या पेशींवर हिरवी चमकणारी अँटीबॉडी सोडते आणि नळी फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवते. अर्धा तास अंधारात. पेशींच्या अंगावर ते एक प्रोटीन असेल तर अँटीबॉडी त्याला चिकटेल, भोवती हिरवं कडं उजळेल आणि ताईंना नवं औषध देता येईल. ताई आमच्या देवळात पेटी वाजवतात. हातमोज्यांसकट मी भिंतीला टेकते. फ्रीजची घरघर हळूहळू सुरात येते.

सभामंडप. तांबवेकरकाका कीर्तनाला उभे आहेत. खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या, अंगात प्रयोगशाळेचा कोट. मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

"निर्मल, डबा आणलास?"

"शनिवार आहे काका. तुमचा उपास."

"अजून सुटला नाही म्हणायचा."

समोर श्रोते बसलेत. नीट बघते तर काचेवरच्या पेशी, एकेकीभोवती हिरवं कडं. कुठेतरी पेटी वाजते आहे.

"उजळल्या, काका. ताईंना औषध मिळणार."

"नमन झालं का?"

नमनाशिवाय आख्यान लावायचं नाही, तसंच कोऱ्या नळीशिवाय तपासणी करायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. त्याच पेशी, पण अँटीबॉडी न घातलेल्या. काही पेशी मुळातच चमकतात, ते आधी बघायचं. आज घाईत मी कोरी नळी लावलेलीच नाही.

"हिरवं दिसावं असं फार वाटतंय ना तुला?"

"हो."

"मलाही. म्हणून तर आधी कोरी बघायची. उगाच भलतं औषध नको तिला. तिची पेटी इथं ऐकायची मला घाई नाही."

कीर्तन संपलेलं असतं. काका बुक्क्यात अंगठा बुडवतात. "कपाळावर टोपी आहे तुझ्या. हात कर पुढे."

गजर वाजतो.

पेशींच्या मूळ बाटलीत तळाशी चार थेंब उरलेत. ते नव्या नळीत घेते आणि काका लिहायचे तसं वर लिहिते, 'नमन'. मग मोजे बदलायला उजवा मोजा उलटा ओढते. मनगटाच्या वर, मोज्याच्या आत, काळा ठसा. जवळ नेला तर बुक्क्याचा वास.

हात धुवायला हवा. मी त्यावरच नवा मोजा चढवते. ताईंची हिरवी नळी बर्फातच राहू देते आणि कोऱ्या नळीतला पहिला थेंब काचेवर सोडते.