नाव घेण्याचा खेळ

आमच्या बागेतल्या बाकावर सकाळी म्हाताऱ्यांचा एक खेळ चालतो. सिनेमा-नाटकातलं कुणी मोठं माणूस गेल्याची बातमी आली, की पुढची विकेट कुणाची म्हणून प्रत्येकाने एक नाव घ्यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शिसारी आली होती. आता मीच सरकून जागा करून घेते.

याला कारण मालतीबाई. ऐंशी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत. "तो खलनायक? छे, तो आपल्या सगळ्यांना पोचवूनच जाईल!" अंदाज खरा ठरला, तर गेलेल्याचं एखादं काम असं रंगवून सांगतात, की बातमी विसरायला होते आणि तो माणूसच डोळ्यांसमोर उभा राहतो.

एका नटाचं नाव मात्र त्या कधीच घेत नसत. नव्वदीचा, सारखा दवाखान्यात. दुसरं कुणी घेऊ लागलं, तर म्हणत, "त्यांचं राहू दे." मी एकदा छेडलं, तर चक्क लाजल्या.

"आमच्या ह्यांचंही नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. घेतलं की आयुष्य कमी होतं म्हणतात."

काल तो नट गेला. आज सगळे बाकावर आले, पण खेळ कुणी काढेना. मालतीबाईंनी पदर सारखा केला.

"आता घ्यायला हरकत नाही," म्हणाल्या, आणि खाली बघत त्यांनी त्याचं नाव घेतलं. आडनाव नाही, नुसतं नाव.