तानपुऱ्याचे चार दोरे

मे महिन्यातला दुसरा रविवार. बारा हजारांना घेतलेला जुना तानपुरा, आणि घरात मी व माझी मुलगी जुई. जूनपासून ती कॉलेजात संगीत शिकणार, म्हणून सुट्टीभर रोज रियाज करत होती. ती आंघोळीला गेली तेव्हा मी तानपुरा पुसला. तारांखाली चार सुती दोरे अडकलेले दिसले, तेही काढून टाकले.

जुईने तार छेडली आणि मी हबकलो. काल घर भरून टाकणारा तानपुरा आज पत्र्याच्या डब्यासारखा वाजला.

"बाबा, दोरे कुठायत?"

"कचऱ्यात. मला वाटलं, कशाचे तरी चिकटलेत."

"अहो, त्यांच्यामुळेच तर तो बोलतो! मला नाही अजून ते बसवता येत." तिचे डोळे भरले.

पंचवीस वर्षे मी घर नीटनेटके ठेवत आलो. असे किती दोरे फेकले असतील, या विचारातच मी तानपुरे दुरुस्त करणाऱ्या चाचांना फोन करून घरी बोलावले.

चाचांनी रिळाचा दोरा तोडून एकेका तारेखाली सरकवला. खोली पुन्हा भरली. मी पाकीट काढले.

"दोऱ्याचे कसले पैसे, साहेब? पोरीला गाऊ द्या."

जुईने डोळे मिटून सा लावला. चाचांना मिळाले ते एवढेच, आणि तेही मी दिलेले नव्हते.