फिरवून विचारायचं

फोन आला तेव्हा मी सांगलीत एका कार्यालयात टेबलाखाली गुडघ्यांवर होतो. नेटची वायर निघाली होती, ती परत बसवत होतो. खिशातला फोन थांबेचना, म्हणून वैतागून तसाच एका हातानं कानाला लावला. पलीकडून दाजी, म्हणजे आमच्या अलकाताईंचे यजमान. "पाव्हणं, अलका गेली. सकाळी. साताऱ्याला नेईपतूर..." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी काय केलं असेल? वायर बसवली, दिवा हिरवा झाला का ते पाहिलं, वरच्या माणसाला "आता बघा" म्हणालो आणि मगच बाहेर येऊन पायरीवर बसलो. माणसाला हाताची सवय किती निर्लज्ज असते! त्या हिरव्या दिव्याचा मला अजून राग येतो.

आज पाच आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही आणि एका जागी बसायची तर त्याहून नाही. हे चार शब्द लिहिताना मी कितीदा उठलो, पाणी प्यालो, उगाच कपाट आवरलं, ते मलाच माहीत. पण लिहिल्याशिवाय हे डोक्यातून जाणार नाही. ताई गेल्याचं दुःख आहेच. त्यापेक्षा मोठं कुरतडणं दुसऱ्याच गोष्टीचं आहे, तिचं मूळ आमच्या शेवटच्या भेटीत आहे.

फोन आला तेव्हा त्या भेटीला तीन आठवडे झाले होते, मधे क्लासला सुट्टी होती. रविवार होता. रहिमतपूरला खता-बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ताईंचा आणि माझा कॉम्प्युटरचा क्लास. मी शनिवार-रविवारी सांगलीहून पॅसेंजरनं जायचो, स्टेशनवरून वडापची जीप धरायचो आणि पोरांना यंत्राच्या पोटातलं शिकवून संध्याकाळी परतायचो. त्या दिवशी तास संपवून मी जिना उतरत होतो आणि ताई वर येत होत्या. मध्येच कठडा धरून थांबल्या. चेहरा घामानं भिजलेला. मी विचारलं, "ताई, बरं न्हाई का?" त्या म्हणाल्या, "न्हाई रं, काय न्हाई. जिनाच दोन पायऱ्यांनी वाढलाय बघ." मी हसलो. त्याही हसल्या. गाडीची वेळ झाली होती, मी खाली पळालो... आणि त्या माणसाला मी शेवटचं पाहिलं ते असं, मान वळवून, पळता पळता.

यात एवढं काय, कुणीही तेच केलं असतं, असं मला चारजणांनी सांगितलं. ते ताईंच्या हाताखाली शिकले नव्हते. मी शिकलो होतो.

अलकाताई मूळच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. लग्न होऊन रहिमतपुरात आल्या. दाजी फौजेत, वर्षातून दोनदा घरी. मुलगी शिकायला बाहेर पडल्यावर ताईंनी छत्तिसाव्या वर्षी साताऱ्यात नोकरी धरली. कार्यालयांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी ती छोटी कंपनी. मी तिथला इंजिनिअर, म्हणजे मोटारसायकलवरून गावोगाव हिंडणारा आणि त्याचा फार तोरा मिरवणारा. ताईंचं काम तक्रारीचे फोन घ्यायचं. नाव, गाव, यंत्र लिहायचं आणि कागद माझ्याकडं सरकवायचा, बस्स. पण बाई कागद सरकवेनातच. कोरेगावकडच्या एका संस्थेच्या क्लार्कनं फोन केला, प्रिंटर मेलाय, माणूस पाठवा. मी हेल्मेट उचललं. ताईंनी मला हातानं थांबवलं आणि फोनवर म्हणाल्या, "सायेब, सकाळी हापिस उघडल्यापासनं काय काय झालं ते सांगा की. पयल्यापासनं." क्लार्क चक्रावला असणार. पण सांगू लागला. शिपाई आला, बाई झाडून गेली, आज तिनं टेबलं सरकवून खालचं पुसून घेतलं, मग साहेब आले... "टेबलं सरकवली व्हय? मग जरा मागं वाकून प्लग बघता का?" प्लग निघाला होता. माझी साठ किलोमीटरची फेरी वाचली आणि मला त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी चक्क राग आला. ही कोण मला घरी बसवणारी! महिन्याभरात माझ्या निम्म्या फेऱ्या बंद झाल्या. तेव्हा मी त्यांना टोमणा मारला होता, "ताई, यंत्राची डॉक्टरकी न शिकताच दवाखाना टाकलात." त्या म्हणाल्या, "यंत्र तुझं तू बघ. मी माणसाचं बघती."

दाजी निवृत्त होऊन घरी आले तशी ताईंनी नोकरी सोडली आणि क्लास काढला. मी तोवर सांगलीत काम धरलं होतं, शनिवार-रविवारपुरतं मलाही त्यात ओढलं. इंजिनिअर घडवायचा आव नव्हता. कॉम्प्युटर बंद पडला, पासवर्ड विसरला, नेट गेलं, की कुठल्याही कंपनीत पहिला फोन जो उचलतो, तो माणूस तयार करायचा. बारावी झालेली, पदवी अर्धवट सुटलेली मुलंमुली यायची. कुणाच्या घरी ऊस आणि भाऊ पलटणीत, कुणाचे वडील मुंबईला माथाडी. सगळ्यांना एकच भीती, आपल्याला बोलता येत नाही. पुण्याच्या माणसाशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड. ताईंनी त्यावर काढलेली रीत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. एकीत शिकणारा, डोळ्यांसमोर काही नाही. दुसरीत बिघडलेल्या यंत्रापुढं स्वतः ताई, गिऱ्हाईक होऊन. आणि गिऱ्हाईक असं वठवायच्या की आम्ही मागं तोंडात रुमाल कोंबून हसायचो. कधी दूध डेअरीचा चेअरमन, कधी नवी आलेली शहरी मॅनेजरीण. "आवं काय सायेब तुमी, सकाळधरनं निळं निळंच दिसतंय. मी काय बी केलं न्हाई." आणि स्वतःच तर केबल काढून ठेवलेली असायची! पाठीमागच्या खुर्चीतली पोरगी रडकुंडीला यायची. मग ताई खुर्ची वळवायच्या आणि सांगायच्या, "मानूस खोटं बोलत न्हाई गं. त्याला लाज वाटती. तू त्याची लाज वाचिव, मग बिघाड तुला आपसूक घावतोय."

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. माझा भर वेगावर. मी मुलांना सांगायचो, फार खोलात जाऊ नका, आतलं सगळं पुसून टाका, सॉफ्टवेअर नवं भरा, वीस मिनिटांत यंत्र चालू. एक दिवस माणकडचे बिरा तात्या लॅपटॉप घेऊन आले. मेंढपाळ माणूस, साठीचा, खांद्यावर घोंगडी. यंत्र फार हळू चालतंय म्हणाले. मी वर्गासमोरच ते उघडलं, म्हटलं पोरांना प्रात्यक्षिक होईल. नियमाप्रमाणं विचारलं, "तात्या, ह्यात काही महत्त्वाचं आहे का?" ते ओशाळं हसले. "कुठलं काय सायेब, आमच्यात काय असणार." मी पुसलं. वीस मिनिटांत चालू करून त्यांच्या हातात दिलं आणि पोरांकडं पाहून मिशीला पीळ द्यायचाच बाकी राहिला. तात्यांनी इकडंतिकडं बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "आमच्या मेंढ्या न्हाई दिसत त्या..."

त्यांच्या सुनेनं सहा वर्षं त्यात कळपाची माहिती ठेवली होती. एकेक मेंढीचा फोटो, कोण कुणाची, कुठला नर, किती कोकरं, कुठल्या साली कसला आजार. नरासाठी लांबून लोक त्यांच्याकडं येत, ते त्या माहितीच्या भरवशावर. मी माफी मागू लागलो तर म्हाताराच मला समजावतोय, "असू द्या सायेब, काय न्हाई, काय न्हाई..." आणि परत परत खांद्यावरची घोंगडी सारखी करतोय. इथं कुणालाही विचारून बघा. पाहुण्याला चहा विचारा, नको म्हणतो. म्हातारीला दुखतंय का विचारा, न्हाई म्हणते. आपलं काही मोलाचं आहे, आपल्याला काही हवंय, असं पहिल्या विचारण्यात कबूल करणं आमच्याकडं वाईट दिसतं. मी कवठे महांकाळचा, याच मातीतला. आजीला चहा नको म्हणताना हजारदा ऐकलेलं आणि दुसऱ्यांदा आग्रह केल्यावर बशी पुढं करताना पाहिलेलं. तरी यंत्रापुढं बसलो आणि विसरलो.

ताईंनी तात्यांकडून लॅपटॉप मागून घेतला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी पुसलेलं परत काढायच्या मागं लागलो. फोटो बरेचसे हाती लागले, नावं मात्र गेली ती गेलीच. मग पुढचे कितीतरी रविवार तास बंद ठेवून ताई मला धरून माणात गेल्या. मेंढ्यांच्या वाड्याच्या कुंपणाला टेकून बसायच्या, मांडीवर लॅपटॉप. एकेक फोटो तात्यांना दाखवायचा. "ही कुणाची, तात्या?" म्हातारा डोळे बारीक करून कानाचा डाग बघायचा आणि तीन पिढ्या सांगायचा. मी टाइप करायचो. उन्हानं डोकं भणभणायचं, लेंड्यांचा वास नाकात बसायचा, आणि मला सारखं उठावंसं वाटायचं. ताई हलायच्या नाहीत. परतताना एकदाच म्हणाल्या, "सुहास, सरळ इचारलं की मानूस सरळ न्हाई म्हणून मोकळं हुतं. जरा फिरवून इचारावं. काल ह्यावर कोण बसलं व्हतं, काय उघडलं व्हतं, घरात आनखी कोण बघतं. आनि इचारून झालं की पळायचं न्हाई, बसायचं."

त्यानंतर क्लासमध्ये 'महत्त्वाचं आहे का' हा प्रश्न बंद झाला. प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी तात्यांची गोष्ट मीच सांगायचो, स्वतःच्या फजितीसकट. आमच्या क्लासची मुलं आज पुण्यात, हैदराबादेत हेच काम करतात. फिरवून विचारतात, आणि त्यांची कामं होतात. मी इतक्या जणांना ते शिकवलं... आणि त्या जिन्यावर, घामानं भिजलेल्या चेहऱ्याला विचारलं काय, तर "बरं न्हाई का". उत्तर आलं, मी ते घेतलं आणि पळालो. काल झोप कुठल्या कुशीवर लागली, जिना चढायला आज किती वेळ लागला, एवढं विचारलं असतं तर? गाडी चुकली असती. दुसरी मिळाली असती.

क्लास बंद करावा असं मनात घेऊन मी मागच्या रविवारी दाजींकडं गेलो. मला तो जिना चढवत नव्हता, खरं कारण एवढंच. दाजी ओट्यावर बसले होते. फौजी माणूस, दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री. मी क्लासचं काही काढायच्या आधीच माझ्या तोंडून ते निघून गेलं. जिन्यावरचं सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "दाजी, ताईंना कवापासनं दुखत होतं? तुम्हाला तरी सांगितलं होतं का?"

"महिनाभर छातीवर हात धरून बसायची," ते म्हणाले. "मी इचारलं, काय हुतंय का गं. काय न्हाई म्हणली." मग सदऱ्याची बाही सरळ केली. "म्या फिरून न्हाई इचारलं, पाव्हणं. सगळ्या मुलखाला तिनं शिकवलं. घरात कोण शिकतंय?"

मला वाटलं होतं, त्यांनी मला बोलावं, दोष द्यावा, मग मी मोकळा होईन. तसं काही झालं नाही. उलट जे ओझं मी एकट्याचं समजत होतो, ते हा माणूस रोज याच घरात उचलून हिंडतोय हे दिसलं आणि मला फार लाज वाटली. इतक्या दिवसांत मी त्यांना तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा विचारलं होतं, "दाजी, ठीक आहे ना सगळं?" तिन्ही वेळा ते म्हणाले होते, "ठीक हाय की."

उठायला टेकलो होतो, तो परत बसलो. "दाजी, जेवलात का?"

"जेवलो की."

"कालवण कशाचं केलं होतं?"

मी थांबलो. समोरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसली, तरी मी थांबलोच. शेवटी ते स्वतःच्या तळहातांकडं बघत म्हणाले, "भाकरी मला येत न्हाई रं. पोरगी परत गेल्याला चार दिस झालं, दूध आनि बिस्किटावर हाय."

मी त्यांना उठवून ताईंच्या स्वयंपाकघरात नेलं. डबे ताईंच्याच हातच्या क्रमानं लावलेले, ज्वारीचं पीठ कुठल्या डब्यात ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तिसरा उघडला तेव्हा सापडलं. मलाही भाकरी येत नाही. पहिली थापताना फाटली, दुसरी तव्यावर मोडली. दाजी परातीजवळ उभे राहून म्हणाले, "ती पाणी कोमट घ्यायची वाटतं." मग आम्ही पाणी तापत ठेवलं.